धोक्याचा वर्ग आणि धरणाखालची माणसे

अमेरिकेत धरणांचे तीन वर्ग करतात: कमी धोक्याचे, लक्षणीय धोक्याचे आणि मोठ्या धोक्याचे. ऐकणाऱ्याला वाटावे, कमी धोक्याचे म्हणजे मजबूत. तसे मुळीच नाही. धरण फुटले तर खाली काय होईल, एवढ्यावरच हा वर्ग ठरतो. भिंतीच्या प्रकृतीशी त्याचा संबंध नाही. एकही माणूस मरण्याचा संभव नसेल आणि नुकसान बहुतेक मालकाचेच होणार असेल, तर धोका कमी. एक जीव जरी जाण्याचा संभव असेल, तर तो मोठा. त्यामुळे वीजनिर्मितीचे शंभर वर्षांचे, पाझरणारे धरणही कमी धोक्याचे ठरू शकते. मग त्याची तपासणी विरळ होते आणि आणीबाणीच्या आराखड्यातूनही सूट मिळू शकते.

दगडमातीऐवजी माणूस मोजायचा, हे तत्त्व न्याय्यच आहे. परंतु खाली माणूस आहे की नाही, हे कोण पाहतो आणि केव्हा पाहतो? वर्ग कागदावर राहतो, वस्ती मात्र वाढत जाते.

जॉर्जिया राज्यातल्या टोकोआ गावाजवळ केली बार्न्स नावाचे धरण होते. १८९९ साली ते लाकडी चौकटीत दगड भरून बांधले गेले. पुढे तिथल्या बायबल कॉलेजने विजेसाठी त्यावर मातीचा भराव घातला आणि महायुद्धानंतर उंची आणखी वाढवली. १९५७ साली वीजनिर्मिती थांबली. तलाव राहिला, उतारावर झाडे वाढली. १९७३ साली खालच्या उताराची माती घसरली होती. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर, पावसाच्या दिवसांत, धरण फुटले. ओढ्याकाठी कॉलेजच्या लोकांची चाकांवरची घरे होती. तिकडे त्यांना ट्रेलर म्हणतात. ३९ माणसे मेली, त्यांत २० मुले. चौकशी करणाऱ्यांना बांधकामाचे नकाशे मिळाले नाहीत, आणि फुटण्याचे एकच एक कारणही सांगता आले नाही.

तपासणीचा कायदा त्याआधीच, १९७२ साली झाला होता. त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीकवरचे कोळसाखाणीच्या गाळाचे बांध फुटून खाणकामगारांच्या वस्त्यांत १२५ माणसे मेली होती. कायदा झाला, तपासणीला पैसा मिळाला नाही. तो टोकोआनंतर मिळाला. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर हे जॉर्जियाचेच. त्यांच्या आदेशानंतर सुमारे ८,८०० खासगी व स्थानिक धरणे तपासली गेली आणि सुमारे २,९०० असुरक्षित ठरली. ही तपासणी मुख्यतः मोठ्या धोक्याच्या वर्गाची होती, हेही ध्यानात घ्यावे.

ओढ्याकाठची, उताराची जागा कुणाच्या वाट्याला येते, हे या पानांच्या वाचकाला सांगायला नको. आपल्याकडे २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला. तो आधी उंची पाहतो: १५ मीटरच्या वरची सगळी धरणे त्यात येतात. १० ते १५ मीटरची धरणे यायची तर भिंतीची लांबी ५०० मीटर, किंवा साठा दहा लाख घनमीटर, किंवा पुराचा विसर्ग सेकंदाला २,००० घनमीटर, किंवा पाया फार अवघड, किंवा रचना असाधारण हवी. केली बार्न्सची उंची सुमारे १२ मीटर होती, लांबी सव्वाशे मीटरच्या आत आणि साठा आठ लाख घनमीटरहून कमी. ते धरण आपल्या एखाद्या ओढ्यावर असते, तर पाया किंवा रचनेपाशी एखादा अधिकारी अडला असता तरच ते या कायद्यात आले असते.