गेडचा वर्ण आणि चित्रकाराची कसोटी

उर्सुला ली ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही अद्भुत कादंबरी १९६८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिचा नायक गेड हा तरुण जादूगार ताम्रवर्णी आहे, त्याचा जिवलग मित्र वेच कृष्णवर्णी. गोरे आहेत ते बेटांवर चाल करून येणारे कार्गाडचे लोक. ली ग्विन यांनी ही बाब हेतुपुरस्सर हलक्या हाताने पेरली. वाचक आधी गेडशी एकरूप व्हावा आणि मगच त्याचा वर्ण ध्यानी यावा, अशी ती योजना होती.

मुखपृष्ठकारांनी तिचा सोयीस्कर लाभ घेतला. वर्षानुवर्षे अनेक आवृत्त्यांवर गेड गोराच झळकला. २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेतही गोरा नट आला, तेव्हा ली ग्विन यांनी जाहीर लेख लिहून तीव्र निषेध नोंदवला.

चित्रकादंबरीत अशी पळवाट नसते. नायक प्रथम दिसतो त्याच चौकटीत त्याचा रंग ठरवावा लागतो आणि पुढे शेकडो चौकटींत तो सांभाळावा लागतो. २०२५ मध्ये आलेल्या रूपांतरात फ्रेड फोर्डम यांनी गेडला त्याचा मूळ वर्ण दिला. याचे मोल मात्र मोजावे लागलेच: गद्यात सावकाश उलगडणारी ओळख येथे पहिल्या दृष्टिक्षेपातच होते. चित्राला वर्णाबाबत मौन पाळता येत नाही. ली ग्विन यांचे २०१८ मध्येच निधन झाले होते. हा गेड त्यांना पाहता आला नाही.