प्रतिकृति-रेल्वे : घरगुती मांडणी व सुधारणा

रूळ, गाड्या, स्थानके, पूल व बोगदे यांची भोवतालच्या भूप्रदेशासह एकाच ठराविक प्रमाणात लहान केलेली, बहुधा विजेवर चालणारी व फळ्यांच्या बैठकीवर बसविलेली रचना. गाडी, फलाट, झाड व माणूस या सर्वांस एकच प्रमाण लागू असल्यामुळे आणि गाड्यांची ये-जा खऱ्या रेल्वेच्या शिस्तीस धरून होत असल्यामुळे ही रचना खेळण्यातल्या आगगाडीहून निराळी ठरते.

जर्मनीतील ग्योपिंगेन येथील मेर्कलिन या कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठराविक मापांच्या रुळांवर धावणारी गाडी मांडली, तेव्हा या छंदास प्रमाणबद्धतेचे अधिष्ठान लाभले. पुढे १९३५ साली अमेरिकेत मिलवॉकी येथे स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने रूळ व चाके यांची मापे मुकर्रर केल्यामुळे एका कारखान्याचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर बिनदिक्कत धावू लागला. सर्वाधिक प्रचलित अशा ‘एचओ’ प्रकारात प्रमाण १:८७ व रुळांतील अंतर १६.५ मिमी. असते, जागेची टंचाई असलेल्यांस सोयीच्या ‘एन’ प्रकारात हेच आकडे बहुतेक देशांत १:१६० व ९ मिमी. असे आहेत. भारतातील १,६७६ मिमी.चा रुंद मार्ग ‘एचओ’ प्रमाणात १९ मिमी.हून किंचित अधिक भरावयास हवा. तथापि बाजारात मिळणारे तयार रूळ १,४३५ मिमी.च्या मार्गावर बेतलेले असल्यामुळे भारतीय गाड्यांच्या प्रतिकृतीही बहुधा १६.५ मिमी.वरच चालवितात.

मांडणीचा नकाशा आखताना वळणाच्या त्रिज्येचा विचार अग्रक्रमाने करावा लागतो. कारण ४५७ मिमी. त्रिज्येच्या वळणावरून लहान मालडबे सुखरूप जात असले, तरी ‘एचओ’ प्रमाणात सुमारे २४.५ सेंमी. भरणारा आपल्याकडील प्रवासी डबा तेथे फार बाहेर झुकतो व शेजारच्या डब्यास घसरवू शकतो. चढ शक्यतो शंभरास दोनहून अधिक नसावा. चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या चौकटीवर प्लायवूड ठोकून त्यावर रूळ बसवितात आणि वीजप्रवाहाची भिस्त केवळ जोडपट्ट्यांवर न ठेवता साधारण मीटर-मीटर अंतरावर रुळांस तारा डाखून त्या फळीखालील जाड मुख्य तारांस जोडतात. खडी पसरताना ती मऊ कुंच्याने स्लीपरांमध्ये नीट बसवून, पाण्याचा हलका फवारा मारून, पाण्यात पातळ केलेला पांढरा गोंद थेंबाथेंबाने सोडतात. त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब मिसळला म्हणजे पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन मिश्रण खडी न विस्कटता खोल झिरपते. हा गोंद सांध्याच्या हलत्या पट्ट्यांत शिरू नये याची खबरदारी घ्यावी, नाहीतर सांधा आवळून बसतो.

जुन्या पद्धतीत रुळांतील एकदिश प्रवाह शून्यापासून १२ व्होल्टपर्यंत कमीजास्त करून गती व ध्रुव पालटून दिशा बदलीत. त्यामुळे एकाच खंडावरील दोन इंजिने एकाच हुकमाने हलत आणि गाड्या स्वतंत्रपणे चालविण्यासाठी मार्गाचे विद्युत्-खंड पाडावे लागत. लेन्झ या जर्मन कंपनीच्या कार्यावर आधारलेली आणि उपर्युक्त संस्थेने १९९० नंतरच्या दशकात प्रमाणित केलेली ‘डीसीसी’ ही अंकीय पद्धती आल्यावर रुळांत वीज सतत खेळती राहू लागली व प्रत्येक इंजिन त्यातील डिकोडरच्या योगे केवळ आपल्याच क्रमांकास दिलेला हुकूम पाळू लागले. मात्र मळलेले रूळ किंवा सैल जोड यांमुळे हा संकेत खंडित होतो. म्हणून सुधारणेचा क्रम प्रथम रूळ व तारांची दुरुस्ती, त्यानंतर प्लॅस्टिकच्या चाकांऐवजी धातूची चाके, मग अंकीय नियंत्रण आणि सरतेशेवटी ध्वनी व दिवे असा ठेवणे श्रेयस्कर. ध्वनी आणि दिव्यांच्या मोहाने हा क्रम उलटा लावणाऱ्याचा खर्च बहुधा दुप्पट होतो.

पुण्यात कोथरूड येथे १९९८ साली खुले झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ही या कलेची महाराष्ट्रातील सर्वपरिचित जागा होय. नवशिक्याने आरंभी एकच लहान फळी हाती घ्यावी आणि तीवरील गाडी न अडखळता संथ चालू लागल्यावरच मांडणीचा विस्तार करावा.