दारफुरची चूल



घरदार सोडून पळावे लागले की धान्य कोणीतरी देते. ते शिजवायचे कशावर, हा प्रश्न मात्र बाईवर येऊन पडतो. सुदानच्या दारफुर भागात हेच झाले. २००३ साली तिथे यादवी पेटली, गावे जाळली गेली आणि वीस लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. छावण्यांत धान्य आणि तेल मिळे. सरपण ज्याचे त्याने आणायचे.

तीन दगडांची चूल आणि उघड्यावरचा वारा. जवळची झाडे लवकरच संपली. मग बायका सरपणासाठी तासन् तास चालू लागल्या, आठवड्यातून अनेकदा. वाटेत हत्यारबंद टोळ्या अत्याचार करत. पुरुष गेले तर जिवानिशी जायचे, म्हणून बायकाच जात. काही जणी मिळालेल्या शिध्यातला भाग विकून लाकूड घेत. अन्न शिजवायला अन्नच विकायचे, तर संसाराचा हिशोब जुळणार कसा?

२००५ मध्ये अशोक गाडगीळ तिथे गेले. ते मूळचे मुंबईचे आणि तेव्हा अमेरिकेत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि सहकारी क्रिस्टिना गॅलिट्स्की यांनी आधी तिथल्या बायकांचा स्वयंपाक पाहिला. तिथले रोजचे जेवण असिदा, म्हणजे पिठाची घट्ट उकड. ती जोर लावून घाटावी लागते. चूल डगमगली तर उकळते भांडे अंगावर! म्हणून भारतातली ‘तारा’ चूल आधाराला घेऊन त्यांनी पत्र्याची नवी चूल केली. तिच्यावर गोल बुडाचे भांडे नीट बसते, वाऱ्याने जाळ भरकटत नाही, घाटताना ती हलत नाही. सरपण निम्मे किंवा त्याहूनही कमी लागते. पुढे तिचे सुटे भाग मुंबईत बनू लागले आणि दारफुरमधल्या अल फाशेर गावी जोडले जाऊ लागले.

निम्मे सरपण म्हणजे जीव मुठीत धरून केलेल्या निम्म्या फेऱ्या वाचल्या. जमाखर्चात ही बचत कुठे लिहिणार?

चुलीने युद्ध थांबत नाही. २०२३ मध्ये सुदानात पुन्हा लढाई पेटली आणि पुढे अल फाशेरलाही वेढा पडला. म्हणूनच एक लक्षात ठेवू या. पूर येवो की भूकंप, आपण शिधा बांधून पाठवतो, तेव्हा एवढे जरूर विचारावे: तिथल्या बाईकडे तो शिजवायला जळण आहे का?