संगणकाच्या ध्वनीतील डावे-उजवे : अदलाबदल कशी ओळखावी, कशी दुरुस्त करावी

भिलाई : सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाल्यापासून भिलाई ही पोलादनगरी म्हणून ओळखली जाते. अशा औद्योगिक शहरांत श्रवणक्षमता हा कामगारांच्या आरोग्याचा महत्त्वाचा विषय असतो. गोंगाटामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत होता.

श्रवणचाचणीत प्रत्येक कान स्वतंत्रपणे तपासतात. आलेखावर उजव्या कानाची नोंद लाल वर्तुळाने, तर डाव्याची निळ्या फुलीने होते. संगणकाच्या साह्याने चाचणी घेताना डावी व उजवी ध्वनिवाहिनी उलटली, तर दोष एका कानात आणि नोंद दुसऱ्या कानाची, असे घडू शकते.

ही चूक नुसते गाणे ऐकून सहसा कळत नाही. गायकाचा आवाज बहुधा दोन्ही वाहिन्यांत सारखाच असतो आणि वाहिन्या उलटल्या तरी तो मध्यभागीच ऐकू येतो. म्हणून प्रत्येक वाहिनी स्वतंत्रपणे वाजवून पाहावी. विंडोजमध्ये स्पीकरच्या ‘कॉन्फिगर’ पर्यायातील ‘टेस्ट’ बटणाने ही तपासणी होते. तत्पूर्वी ‘मोनो ऑडिओ’ बंद असल्याची खात्री करावी. तो चालू असल्यास दोन्हीकडे एकच ध्वनी जातो व दोष झाकला जातो.

दुरुस्तीची सुरुवात जोडणीपासून करावी. हेडफोन उलटा घातलेला नाही ना, स्पीकरच्या जागा बदललेल्या नाहीत ना, हे पाहावे. दोन रंगांच्या पिनांमध्ये लाल उजवीकडची, तर पांढरी डावीकडची असते. ३.५ मिलिमीटरच्या पिनेत टोक डाव्या आणि त्यामागील कडे उजव्या वाहिनीचे असते.

जोडणी बदलणे शक्य नसल्यास सॉफ्टवेअरचा आधार घ्यावा. विंडोजच्या सेटिंगमध्ये दोन्ही बाजूंचा आवाज कमी-जास्त करता येतो, पण अदलाबदलीची सोय नाही. त्यासाठी ‘इक्वलायझर एपीओ’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येते. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये, तर लिनक्सवर ‘पल्सऑडिओ’च्या रचनेत वाहिन्यांचा क्रम बदलता येतो.

तार आणि सॉफ्टवेअर दोन्ही ठिकाणी अदलाबदल केल्यास एक बदल दुसऱ्याला रद्द करतो व मूळ दोष कायम राहतो. त्यामुळे एकच उपाय करून पुन्हा तपासणी करावी. हेडफोन किंवा संगणक बदलल्यावरही, श्रवणचाचणी सुरू करण्याआधी, ही तपासणी आवश्यक ठरते.