नाथांच्या आजी सरस्वतीबाई

शांतिब्रह्म श्रीएकनाथ महाराजांचे चरित्र आपण कीर्तनातून कितीदा तरी ऐकतो. पणजोबा भानुदास महाराजांनी विजयनगरहून पांडुरंगाची मूर्ती पंढरीस परत आणली, येथून कथा सुरू होते आणि पाहता पाहता देवगडावर जनार्दनस्वामींच्या चरणांशी पोहोचते. मधली बारा वर्षे एका वाक्यात संपतात. आईवडील लहानपणीच गेले, आजोबा-आजींनी सांभाळ केला. ‘सांभाळ केला’ या दोन शब्दांपाशी आज थोडे थांबू.

इ. स. १५३३ च्या सुमारास पैठणात सूर्यनारायण आणि रुक्मिणीबाई यांच्या पोटी नाथ जन्मले. जन्म मूळ नक्षत्रावरचा, अशी परंपरा आहे. थोड्याच काळात आईवडील दोघेही गेले आणि तान्हे बाळ आजोबा चक्रपाणी व आजी सरस्वतीबाई यांच्या ओटीत आले. मूळ नक्षत्राचे मूल आईबापांच्या मुळावर येते, ही त्या काळची समजूत. मुलगा गेला, सून गेली, आणि ज्याच्याकडे लोक बोट दाखवतील तेच लेकरू मांडीवर! त्याला दोष द्यायचा की घट्ट उराशी धरायचे, हे सरस्वतीबाईंनी कसे ठरवले ते नाथांच्या पुढच्या आयुष्यावरून कळते.

आजीचा दिवस कसा जाई, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण तो आपल्याला अनोळखीही नाही. आपल्या पणज्यांपर्यंत घरचा दिनक्रम तसाच तर चालत आला होता. पहाटे जात्याची घरघर. बाळ जागे झालेच तर मांडीवर घेऊन दळायचे. मग सडासंमार्जन, गोदेचे पाणी, देवपूजेची तयारी, सोवळ्यातला स्वयंपाक. रांगते पोर चुलीकडे जाईल म्हणून एक डोळा सतत त्याच्यावर. मऊ भात कालवून भरवायचा, तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून दृष्ट काढायची, रात्री देवाच्या गोष्टी सांगत निजवायचे. तरुणपणी एकदा केलेले हे सारे थकल्या गुडघ्यांनी पुन्हा पहिल्यापासून करायचे, तेही दुःख गिळून. याला तपश्चर्या म्हणू नये तर काय म्हणावे?

चरित्रकार सांगतात, लहानगा एका दगड मांडून त्याला फुले वाही आणि पळी खांद्यावर घेऊन वीणा म्हणून मिरवी. ती पळी आजीच्या स्वयंपाकघरातली! स्वयंपाकाच्या घाईत पळी पळवणाऱ्या नातवाला तिने रागे भरले असेलही. पण त्याचा खेळ मोडला नाही, एवढे नक्की.

असा वाढवलेला नातू बाराव्या वर्षी कोणालाही न सांगता देवगडाकडे निघून गेला. गुरुभेटीची ओढ म्हणून आपण तो प्रसंग भक्तीने ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण पैठणच्या त्या घरात त्या रात्री दिवा लावताना आजीचे काय झाले असेल? देवगड काही परमुलूख नव्हे, पायी दोन-तीन दिवसांची वाट. तरी नातू कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर जवळ काय आणि दूर काय! वर्षे लोटली. पुढे जनार्दनस्वामींचे आज्ञापत्र आले. तीर्थयात्रेहून परतलेल्या नाथांना आजोबांनी ते दाखवले. जिथे पत्र मिळेल तिथेच राहा, अशी आज्ञा होती. नाथ पैठणातच राहिले, गिरिजाबाईंशी त्यांचा विवाह झाला, संसार मांडला. गुरूंनी शिष्याला आज्ञा दिली, त्यात म्हाताऱ्या आजीला तिचा नातूही परत मिळाला.

गोदेच्या तापल्या वाळवंटात रडणारे अंत्यजाचे पोर नाथांनी कडेवर उचलले, ही कथा सर्वांना पाठ आहे. त्यांच्या भारुडांत सासू, नणंद, जाऊ अशी सगळी घरची माणसे बोलतात. ते कान आणि ते हात कुठे घडले, याचे उत्तर मला तरी देवगडाच्या आधी पैठणच्या त्या माजघरात सापडते.

फाल्गुन वद्य षष्ठीला आपण नाथषष्ठीसाठी पैठणला जमतो. ऊसतोडीचा हंगाम तेव्हा पुरता सरलेला नसतो. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले असतात आणि नातवंडे आजीपाशी असतात. दिंडीत अशी एखादी माउली पोराला कडेवर घेऊन चालताना दिसली, तर तिच्या डोक्यावरचे गाठोडे थोडा वेळ आपल्या डोक्यावर घ्यावे.