चाकाच्या पोटातली तारीख

वस्तूवरच्या नावापेक्षा तिच्यावरच्या तारखेवर विश्वास ठेवावा, हे बँकेत वीस वर्षं शिक्के मारलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. धाकट्याच्या नावावर काढलेल्या कर्जातून थोरल्याची मोटारसायकल येते. व्हाउचरवरची तारीख मात्र जागची हलत नाही. हेच तत्त्व सायकलच्या चाकालाही लागू पडतं, हे ज्ञान मला आमच्या कॅशियरसाहेबांनी दिलं.

त्यांना जुनी सायकल उभी करण्याचं वेड आहे. उभी करणं म्हणजे स्टँडवर लावणं नव्हे. जुन्या बाजारातून सांगाडा, भंगारवाल्याकडून मडगार्ड, कुणाच्या तरी माळ्यावरून घंटी, असे अवयव जमवून गतकाळातली एक सायकल पुन्हा जन्माला घालायची. वहिनींच्या मते एवढ्या पैशात नवी स्कूटर आली असती. हिशेब मी तपासला. वहिनींचं फारसं चुकलेलं नाही.

या खटाटोपात सर्वांत मोलाचा अवयव म्हणजे हब. चाकाच्या मधोमध असलेलं नळकांडं. त्यातून आस जातो आणि त्याच्या दोन्ही कडांना तारा (शुद्ध मराठीत आरे) अडकवलेल्या असतात. सांगाड्यावर कुणीही कसलाही रंग फासतो. पोलादात ठोकलेला शिक्का रंगवून पुसला जात नाही. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा 'एडब्ल्यू' हब १९३६ साली आला. युद्धानंतरच्या काळातला असा हब रॉकेलच्या फडक्याने घासला, की पोटावर आकडे उमटतात : ५८ आणि ३. म्हणजे १९५८ चा मार्च. आमच्या शिक्क्यात दिवसही असतो, एवढाच काय तो फरक. मात्र ही जन्मतारीख हबची, सायकलची नव्हे. चाक बदललेलं असू शकतं, हब दुकानात पडून राहिलेला असू शकतो. जन्मदाखला खरा असला तरी तो समोर बसलेल्या गृहस्थांचाच आहे ना, हे वेगळं तपासावं लागतं.

तारीख खरी, आणि नाव? इथे खरी गंमत आहे. रॅले सायकलवाल्या फ्रँक बाउडन यांनी १९०२ साली तीन गिअरच्या हबसाठी कंपनी काढली. हेन्री स्टर्मी हे एकेकाळचे शाळामास्तर, पुढे सायकलवरच्या नियतकालिकाचे संपादक. जेम्स आर्चर हे कारागीर. दोघांची नावं जोडून हब बाजारात आला. पण प्रत्यक्षात बनला तो हब मुख्यतः विल्यम रायली नावाच्या तिसऱ्याच माणसाच्या डोक्यातून निघालेला! रायलीने आधी दोन गिअरचा हब केला होता आणि पुढच्या शोधांचे हक्कही त्या जुन्या कंपनीला लिहून दिले होते. मग नव्या हबचं पेटंट आर्चरच्या नावावर घेतलं गेलं. आपल्याकडे याला बेनामी व्यवहार म्हणतात. विलायतेत त्याचा शंभर वर्षं टिकणारा ब्रँड झाला.

आत मात्र सगळा चोख हिशेब. मधलं चाक सूर्य, भोवती चार ग्रह. तिसऱ्या गिअरला मधल्यापेक्षा एक-तृतीयांश वेग जास्त, पहिल्याला पाव कमी. चारच ग्रह, पण पत्रिका कधी चुकत नाही.

आता हा म्हातारा पुन्हा नोकरीवर घ्यायचा, तर आधी भोकं मोजावीत. इंग्रजी पद्धतीत पुढच्या हबला ३२ आणि मागच्याला ४०, कारण भार मागे. दुसऱ्या पद्धतीत दोन्हीकडे ३६. दोन्हींची बेरीज ७२ च येते, आणि बेरीज जुळली म्हणून निश्चिंत होणारा कारकून नेमका इथेच फसतो! ४० भोकांच्या हबला ३६ भोकांची रिम चालत नाही. नंतर आसाची लांबी. एडब्ल्यूचे आस पावणेसहा आणि सव्वासहा इंच असे दोन मापांचे. आखूड आस रुंद सांगाड्यात पोचत नाही. मग कोन उघडून पाहावा. कोनाला खड्डे पडले असतील तर कोन बदलता येतो, छर्रे तर बदलावेतच. पण कडेला, तारांच्या भोकाशी चीर दिसली, तर हात जोडून तो हब कपाटात ठेवावा. नव्या तारा शक्यतो जुन्या तारांच्या व्रणांतूनच घालाव्यात. धातूलाही सवय लागलेली असते. आणि तीन गिअरच्या हबच्या पोटात घट्ट ग्रीस कोंबू नये, आतले खटके चिकटतात. पोटावर छोटं टोपण असतं, त्यातून पातळ तेल सोडावं. आमच्या गल्लीतला सायकलवाला सगळ्याच दुरुस्तीला 'ओव्हरऑईलिंग' म्हणतो. या एका हबपुरता त्याचा शब्द बरोबर आहे.

नॉटिंगहॅमचा तो कारखाना २००० साली बंद पडला. नाव आणि यंत्रसामग्री तैवानच्या सनरेस कंपनीने घेतली. हब तिकडे बनू लागले. कारखाना गेला, देश बदलला, पाटीवर नावं मात्र तीच : मास्तर आणि कारागीर. रायलीच्या नावाचं एक अक्षरही कुठे नाही. फक्त दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला हा हब आतून बारीक टिकटिकतो, आणि पहिल्या गिअरला चढावर एकदम गप्प होतो. आपल्या कामावर दुसऱ्याची सही पाहिलेल्या कुठल्याही कारकुनाला ती टिकटिक ओळखीची वाटेल. आणि ती शांतताही.