तिकिटामागची बारीक अक्षरे

विमानाचा अपघात म्हटला, की पेण-रोह्याकडच्या माणसाला ती गोष्ट फार लांबची वाटते. आपला प्रवास एस्टीचा, आगगाडीचा, फार तर रेवसच्या लाँचचा. परंतु वाचकहो, ४ ऑगस्ट १९७९ च्या रात्री पुण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पावसाळी हवेत उतरता उतरता पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले आणि आतली ४५ च्या ४५ माणसे गेली, ती आपल्याच जिल्ह्यात. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, १९८१ पासून ते रायगड झाले. पुढे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच पनवेल तालुक्यात नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. विमान आता पेणच्या उंबऱ्यापाशी आले आहे. तेव्हा एक प्रश्न आपणही विचारायला हरकत नाही. विमानात माणूस गेला, तर त्याच्या मागे राहिलेल्यांना पैसे कोण देतो, किती देतो आणि कोणत्या हक्काने?

उत्तरासाठी थोडे मागे, पाण्याकडे वळावे लागते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट भर वादळात बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना ही हकिकत सांगावी लागत नाही. अशा अपघातात मेलेल्यांच्या वारसांसाठी तेव्हा जो कायदा होता, तो १८५५ सालचा. त्याआधीचा इंग्रजी नियम ऐकाल तर नवल वाटेल. माणसाचा दावा माणसाबरोबरच मरतो, असा तो नियम. म्हणजे प्रवाशाचा हात मोडला तर भरपाई मागता येई, जीव गेला तर घरच्यांना काहीच मागता येत नसे! आगगाड्या सुरू झाल्यावर इंग्लंडने १८४६ साली हा नियम मोडला. आपल्याकडे पहिली आगगाडी १८५३ साली धावली आणि दोनच वर्षांनी तसाच कायदा येथे आला. पत्नी, पती, आईबाप आणि मुले यांना त्याने दावा करण्याचा हक्क दिला. मात्र अट अशी, की दुसऱ्याची चूक किंवा हयगय वारसांनी सिद्ध करायची. समुद्राच्या तळाशी गेलेल्या बोटीवर नेमके काय चुकले, हे काठावर रडत बसलेल्या बाईने कोर्टात कसे सिद्ध करायचे?

विमानाच्या बाबतीत ही अडचण आणखीच मोठी. तेथे पुष्कळदा साक्ष द्यायलाही कोणी उरत नाही. म्हणून १९२९ साली वॉर्सा येथे अनेक राष्ट्रांनी एक करार केला. त्यात सरळसरळ सौदा होता. प्रवाशाने चूक सिद्ध करायची नाही. आपण सर्व आवश्यक काळजी घेतली होती, हे कंपनीनेच दाखवायचे. त्याच्या बदल्यात कंपनीच्या जबाबदारीला कमाल मर्यादा घातली, दर प्रवाशामागे सव्वा लाख सुवर्ण-फ्रँक. आपल्या मापाने हे सुमारे ६३० तोळे शुद्ध सोने होते. १९५५ साली हेग येथे ही मर्यादा दुप्पट करण्याचे ठरले. मालाचा हिशेब मात्र किलोवर. पेणच्या कारागिराने महिनाभर खपून केलेली गणपतीची मूर्ती विमानात फुटली, आणि तिची खास किंमत आधी जाहीर केलेली नसली, तर भरपाईची मर्यादा तिच्या कारागिरीवरून नव्हे, वजनावरून ठरायची.

१९३२ साली टाटांचे पहिले टपाल-विमान जुहूला उतरले आणि १९३४ साली हिंदुस्थानात वॉर्सा कराराचा कायदा झाला. पण तो मुळात परदेशी प्रवासापुरता. देशातल्या देशात उडणाऱ्या प्रवाशाचे काय झाले, हे नागपूरच्या एका खटल्यावरून कळते. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपूरहून मद्रासला निघालेले डाकोटा विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळले. एका मृत प्रवाशाच्या पत्नीने भरपाई मागितली. प्रकरण कलकत्ता हायकोर्टापर्यंत गेले. तिकिटावर एक अट छापलेली होती. प्रवाशाला मृत्यू आला अथवा इजा झाली, तर कंपनी कसलीही जबाबदारी घेणार नाही, मग वैमानिकाची हयगय असो वा नसो. १९६५ च्या निकालसंग्रहात छापलेला न्यायालयाचा निर्णय असा, की ही अट कायदेशीर आहे. बाईंना काही मिळाले नाही. तिकिटामागची ती बारीक अक्षरे विमानात चढण्याआधी किती जणांनी वाचली असतील, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पुढे १९७२ साली नवा कायदा आला आणि १९७३ च्या अधिसूचनेने तो देशांतर्गत प्रवासालाही लागू झाला. बारा वर्षांवरील प्रवाशामागे एक लाख रुपये, त्याखालील मुलामागे पन्नास हजार. पनवेलच्या डोंगरावर विमान आदळले, तेव्हा हाच दर होता. पुढच्याच वर्षी तो दोन लाख झाला, १९८९ मध्ये पाच लाख आणि १९९८ मध्ये साडेसात लाख. माणूस कोणीही असो, मर्यादा ठरलेली. वाढ होई ती सरकार अधिसूचना काढील तेव्हा, आणि तीही पुढच्यांसाठी. आधी गेलेल्यांच्या घरच्यांना तिचा उपयोग नाही.

कुणी म्हणेल, पैशाचे सोडा, अपघातच होऊ नये हे पाहा. रास्त आहे. डोंगरावर आदळणारे विमान पुष्कळदा धडधाकट असते. यंत्र चालू असते, ताबा वैमानिकाच्या हातात असतो, फक्त अंधारात किंवा ढगात आपण नेमके कोठे आहोत, याचा अंदाज चुकतो. आणि मुंबईला उतरणाऱ्या विमानाला सह्याद्री ओलांडता ओलांडताच उंची सोडावी लागते. त्यावर दोन उपाय निघाले. एक, प्रत्येक मार्गावर ज्याच्या खाली यायचे नाही अशी उंची ठरवून देणे. दुसरा, जमीन जवळ येताच ओरडून सांगणारे यंत्र. पहिली यंत्रे फक्त पोटाखाली पाहत, समोरचा उभा कडा त्यांना दिसत नसे. नंतरच्या यंत्रांच्या पोटात डोंगरदऱ्यांचा नकाशाच भरलेला असतो, त्यामुळे त्यांना पुढचे कळते.

अशी सुधारणा अपघाताच्या चौकशीतून होते. २०१२ पासून आपल्याकडे तिच्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही चौकशी पुन्हा तसे घडू नये म्हणून असते, दोष ठरवून भरपाई देण्यासाठी नव्हे. ती दोन खाती वेगळी. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ वांद्र्यासमोर समुद्रात पडून २१३ माणसे गेली. त्यांच्यापैकी काहींच्या वारसांनी विमान आणि उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांवर अमेरिकेत दावे लावले. १९८५ साली ते फेटाळले गेले.

मोठा बदल झाला तो १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराने. भारत त्यात २००९ साली सामील झाला. आता परदेशी प्रवासात एका ठरलेल्या रकमेपर्यंत ‘आमची चूक नव्हती’ असे कंपनीला म्हणताच येत नाही. २८ डिसेंबर २०२४ पासून करारातली ही रकम नाणेनिधीच्या हिशेबी चलनात १,५१,८८० आहे, म्हणजे दीड कोटी रुपयांहून अधिक. त्यापुढच्या रकमेला कमाल मर्यादा नाही. चूक आपली नव्हती, हे कंपनीने सिद्ध केले तरच तिची सुटका. मात्र ही रकम सर्वांना आपोआप मिळत नाही. २२ मे २०१० च्या मंगळूर अपघातात १५८ माणसे गेली. त्या खटल्यांत केरळ हायकोर्टाच्या खंडपीठाने सांगितले, की नुकसान किती, हे वारसांनी दाखवलेच पाहिजे. एका कुटुंबाने ते कागदोपत्री दाखवले, आणि २०२० साली सुप्रीम कोर्टाने त्यांना ७ कोटी ६४ लाख रुपये मंजूर केले. म्हणजे दहा वर्षांनी!

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत लंडनचे विमान कोसळून २६० माणसे गेली. त्यांतली १९ विमानात नव्हतीच, ती जमिनीवर होती. ती प्रवासी नव्हेत, म्हणून विमानप्रवासाचा हा करार त्यांना लागत नाही. त्यांच्या वारसांच्या कामी येतो तो हयगयीचा सामान्य कायदा आणि १८५५ सालचा तोच जुना कायदा.

तेव्हा वाचकहो, आपली मुलेबाळे आता दुबईला, लंडनला जातात, म्हणून चार गोष्टी घरात सांगून ठेवा. तिकीट आणि मिळकतीचे कागद जपून ठेवावेत. कंपनीवर दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. चौकशीचा अहवाल यायचा आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. तातडीची मदत म्हणून मिळणारे पैसे घ्यावेत, त्याने हक्क बुडत नाही. पण ‘सर्व काही मिळाले, आता मागणे नाही’ अशा कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. नागपूरच्या त्या बाईंना बारीक अक्षरे वाचण्याची वेळच मिळाली नाही. आपल्याला ती आहे.